मिआओकडचं काढ्याचं मडकं

चौथ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी लोणच्याचा तडा गेलेला रांजण पालथा घालून ठेवला होता. तान सुयुन हल्ली त्यावर बसायची. भाजीची पिशवी घेऊन ती बाजारातून यायची, पाय तीन मजले शहाण्यासारखे वागायचे आणि चौथ्याला पोचले की संपावर जायचे. मग ती रांजणावर बसून डोकं भिंतीला टेकायची आणि जिन्यावरून जाणारा प्रत्येक जण तिला औषध सांगून जायचा.

"तान ताई, लाल बोरं खा. रात्री भिजत घालायची."

"बोरांनी काय होतंय? काळी कोंबडी शिजवा, आलं घालून."

"माझ्या मेहुणीचं अस्संच झालं होतं. दुपारची झोप सोडली आणि टुणटुणीत झाली."

"काहीतरीच! दुपारी झोपायलाच हवं."

सुयुन सगळ्यांना मान डोलवायची. तिचा वैताग असा होता की वैतागायलासुद्धा अंगात दम नव्हता.

मोठ्या इस्पितळात रक्त तपासून झालं, छातीचा फोटो झाला, सगळं ठीक निघालं. तिथला तरुण डॉक्टर कागदांवरून मान वर न करता म्हणाला, "आजी, वय झालं." आजी! एकसष्टाव्या वर्षी! त्याच्या आईला कुणी आजी म्हणालं असतं तर?

वय झालं म्हणून गप्प बसणारी ती नव्हती. रेशमाच्या गिरणीत तिची हयात गेली. वाफाळत्या पाण्यातून कोशांचे धागे उचलून उचलून बोटं शिजल्यासारखी पांढरी पडायची. यंत्रांच्या खडखडाटात शेजारणीला साधं "मीठ आहे का?" विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. गिरणी बंद पडली, तिच्या कामगारांची वसाहत राहिली आणि बायकांचे आवाजही राहिले. त्याच आवाजांवर तुओ नदीकाठच्या चहाच्या दुकानात त्यांची मंडळी दर गुरुवारी ऑपेरा गायची. ना रंग, ना पोशाख. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे कप आणि मध्ये ढोल घेऊन फेइ मास्तर. पात्राच्या मनातलं जे बोलायचं ते मागे बसलेल्या बायका सुरात बोलत. त्यातली एक जण आधी एकटीनं सूर उंच उचलायची. साथीला कसलं वाद्य नाही की आधार नाही. तिनं तो वर नेऊन धरला की मग बाकीच्या धावून यायच्या. या उचलणाऱ्या बाईची खुर्ची ढोलाच्या डाव्या हाताला असे.

गेल्या हिवाळ्यापासून त्या खुर्चीवर सुयुन होती. त्याआधी बरीच वर्षं तिथं मिआओ यूच्यू बसायची. हिवाळ्यात मिआओच्या फुप्फुसात कफ झाला, आवाज बसला, तेव्हा फेइ मास्तरांनी सुयुनला पुढं बोलावलं होतं. तात्पुरतं.

आणि गेल्या गुरुवारी सुयुनचा सूर मध्येच मोडला. वर गेला, लटपटला आणि फुस्सदिशी खाली आला. फेइ मास्तरांनी घाईघाईनं ढोल बडवून झाकलं खरं, पण पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा कप ओठापाशी थांबला होता. तेवढं तिला पुरलं. नवव्या महिन्याच्या नवमीचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली मंडळी ऐकायला येतात. तेव्हा असं झालं तर खुर्ची जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून ती हाओबाईंकडे गेली. हाओबाई जुन्या पुलाजवळच्या औषधी मुळ्यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसायच्या. बाई वैद्य चांगली, पण तोंडानं फटकळ.

"हात." त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. "दुसरा. हं. जीभ. अजून बाहेर, लाजता काय? कडांवर दातांचे ठसे आहेत. दुपारनंतर पाय जड होतात. बोलता बोलता दम लागतो. गाता का?"

सुयुन थक्क झाली. "गाणंसुद्धा नाडीत कळतं?"

"नाडीत कशाला कळेल? गुरुवारी मी चहा प्यायला आले होते. तुमचा सूर आपटला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते." हाओबाईंनी लिहायला घेतलं. "दम आहे तुमच्यात, पण खाली ओघळलाय. तो उचलायचा. ह्वांगछीच्या मुळ्या जास्त, बाकी थोडं थोडं. ज्येष्ठमध, संत्र्याची जुनी साल, लाल बोरं. मुळा खाता?"

"आम्ही मुळा खात नाही," सुयुन म्हणाली, "मुळाच आम्हाला खातो. आमच्या ह्यांचे लोणच्याचे चार रांजण आहेत. सकाळी पेजेबरोबर मुळा, दुपारी भाताबरोबर मुळा, पाहुणा आला तर त्यालाही मुळा."

"बंद."

"ते रडतील."

"रडू दे. ही औषधं दम भरतात, मुळा दम सोडतो. एका हातानं भरायचं आणि दुसऱ्या हातानं ओतायचं, तर माझ्याकडे कशाला आलात? आणि काढा मातीच्या मडक्यात. लोखंडात नाही, कुकरात नाही. मडकं आहे ना घरी?"

"आहे," सुयुन म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, आहे. पण घरी नाही."

ते मडकं तिच्या सासूचं. पोटाशी फुगीर, एका बाजूला तोटी, एका बाजूला दांडा, आणि आतून इतकं काळं की साधं पाणी उकळलं तरी कडू लागेल. अख्ख्या वसाहतीत काढ्याचं मडकं एवढं एकच. दुसरं कुणी विकत आणायचं नाही, कारण असलं मडकं विकत आणणं म्हणजे आजाराला मुक्कामाचं आमंत्रण. ज्याला लागेल त्यानं मागून न्यायचं. आणि नेलेलं त्यानं परत आणून द्यायचं नाही, कारण मडकं आणून दिलं की आजारही आणून दिला. मालकिणीनं आपण होऊन जायचं आणि घेऊन यायचं. ही रीत वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

मडकं हिवाळ्यापासून मिआओकडे होतं.

"मग जा आणि आण," लाओ दू म्हणाला. सुयुनचा हा नवरा तेव्हा रांजणातून मुळ्याच्या फोडी काढत होता. बायकोच्या मुठीत असणाऱ्याला त्यांच्याकडे मऊ कानाचा म्हणतात, आणि लाओ दूचे कान वसाहतीत सर्वांत मऊ मानले जात. मुळ्याची गोष्ट मात्र वेगळी.

"मी नाही जाणार."

"मग नवं घेऊ या."

"आजारपणात नवं मडकं घरात? वर्षभराची सोय करतोस का माझी?"

"बरं बरं. मग दुकानातनं उकळून पिशव्या आणू. हल्ली देतात की यंत्रात काढून."

पिशव्या आल्या. सुयुन त्यातली एक प्यायली आणि तिनं तोंड वाकडं केलं. "हा काढा आहे की काढ्याच्या शेजारून गेलेलं पाणी?"

दुसऱ्या दिवशी लाओ दूनं स्वतः औषधाच्या मुळ्या उकळल्या. मनापासून उकळल्या, मंद आचेवर, झाकण ठेवून. फक्त पातेलं त्यानं ओट्यावर होतं ते घेतलं, आणि त्या पातेल्यात ते दोघं रविवारी तिखट रस्सा करत. पहिल्याच घोटाला सुयुनच्या डोळ्यांतून पाणी आलं, कानांतून वाफ आली.

"बघ, लगेच गुण आला," तो म्हणाला. "गाल लाल झाले."

"मेल्या, मिरचीनं झाले!"

शेवटी तिनं त्यालाच मिआओकडे पिटाळलं. मिआओ पलीकडच्या जिन्याला, तळमजल्यावर राहायची. गेला तो तासाभरानं आला, तोंड पुसत.

"मडकं?"

"तिनं आंबवलेल्या भाताच्या पाण्यात तांदळाचे गोळे केले होते. फार मऊ. वरून साखर."

"मी गोळे विचारले?"

"ती म्हणाली, मालकिणीला पाठव."

सुयुननं कपाळावर हात मारला. मुळ्याची वाटी दिसली तशी ती उचलून खिडकीत नेऊन ठेवली, आणि लाओ दू त्या वाटीकडे गाव सोडून चाललेल्या माणसाकडे बघावं तसा बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर ती निघाली. काखेत जाड कापडाची पिशवी घेतली. अंगणात तेव्हा सोंगट्यांचे चार डाव रंगलेले असायचे, एका टेबलावर खुद्द फेइ मास्तर. मडकं पिशवीतून आणलं की कुणाच्या डोळ्यावर यायला नको, असा हिशेब. का यायला नको, हे तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मिआओनं दार उघडलं. केस नुकतेच कुरळे करून आणलेले, गाल टवटवीत.

"आलीस?"

"आले."

"सहाव्या मजल्यावरून माझ्या दाराशी यायला हिवाळा गेला, उन्हाळा गेला. खिडकीतून पडली असतीस तर लवकर पोचली असतीस."

"मडकं न्यायला आलेय, मिआओ ताई. शिव्या खायला नाही."

"शिव्या तर फुकट आहेत, खाऊन जा. कशाला हवंय मडकं?"

"काढा करायचाय. मला दम लागतो."

मिआओ आधी हसली. खोकला न येता, खणखणीत हसली. "माझ्या खुर्चीवर बसून तुला दम लागतो?"

"तुझी खुर्ची? तू आजारी होतीस!"

"होते! आपल्या तोंडानं म्हणालीस ना? होते! मग?" मिआओनं तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर मडकं पालथं ठेवलेलं होतं. घासलेलं, पुसलेलं, दांड्याला लाल दोरा बांधलेला. "हे बघ. वसंतातच मी ठणठणीत झाले. हे धुतलं, इथं ठेवलं आणि तुझी वाट बघत बसले. रोज ओटा पुसताना ते उचलायचं, पुसायचं, परत ठेवायचं. माझ्या नवऱ्यालाही मी कधी इतकं पुसलं नाही."

"मग सांगायचंस तरी!"

"काय सांगू? ये आणि माझा आजार संपला म्हणून जाहीर कर? ते का सांगून करायचं असतं? फेइ मास्तरांना मी तीनदा म्हटलं, मी येते गुरुवारी. तर म्हणे, 'मिआओ ताई, घाई नको, मडकं अजून तुमच्याकडेच आहे ना.' भाजीवाली म्हणते, 'जपा हो, मडकं अजून गेलं नाही ना.' माझी सून नातीला माझ्या ताटात जेवू देईना! अख्ख्या वसाहतीच्या लेखी मी खाटेवर आहे, कारण तू न्यायला येत नाहीस!"

"तूच आणून दिलं असतंस तर..." सुयुनच्या तोंडून गेलं आणि तिला स्वतःलाच ते ऐकवेना.

"तुझ्या घरात आजार आणून टाकू?" मिआओचा आवाज चढला. "तुझ्या सासूनं स्वर्गात बसून माझी हाडं मोडली असती! मी तुझ्या घराचं बरं बघत बसले, आणि तू माझी खुर्ची उबवत बसलीस."

"जिने होत नाहीत गं मला."

"गुरुवारी चहाच्या दुकानात काय उडत जातेस? माझं दार वाटेतच आहे."

दार वाटेतच होतं. हिवाळ्यापासून दर गुरुवारी ती त्या दारावरून गेली होती, आणि दर गुरुवारी तिला वाटलं होतं, येताना नेऊ. येताना वाटायचं, पुढच्या वेळी.

तिनं मडकं उचललं आणि पिशवीचं तोंड उघडलं.

"पिशवी कशाला?" मिआओ म्हणाली.

"हातात कसं नेऊ? जड आहे."

"रिकामं मडकं जड?" मिआओ दाराला पाठ लावून उभी राहिली. आता ती ओरडत नव्हती. "सुयुन, गिरणीत तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला तुला मी शिकवलं. मागितलंय मी कधी काही? उघडं ने एवढंच म्हणतेय."

सुयुन मडकं अर्धं पिशवीत घालून उभी राहिली. पिशवीतून नेलं तर काढाही मिळेल, दमही येईल, नवमीला खुर्चीही राहील. उघडं नेलं तर अंगण ओलांडेपर्यंत मिआओ बरी झालेली असेल, आणि ज्या दमासाठी एवढा खटाटोप चाललाय तो वापरायला जागाच उरणार नाही. आपल्याच मडक्यानं आपलीच खुर्ची उचलून द्यायची! आणि ही बया दार अडवून उभी, केस कुरळे करून. आणि घरी तो मुळेवाला. आणि तो डॉक्टर, आजी म्हणणारा. या सगळ्यांचा तिला असा काही वैताग आला की तिनं मडकं ओढून बाहेर काढलं आणि पिशवी मिआओच्या अंगावर फेकली.

"धर. नातीला टोपी शिव."

अंगणात सोंगट्या खडखडत होत्या. मडकं पोटाशी धरून ती मधोमध निघाली. दांड्याचा लाल दोरा लोंबत होता.

"अरेच्चा! मडकं निघालं!" कुणीतरी म्हणालं आणि खडखडाट थांबला. फेइ मास्तर हातातली सोंगटी तशीच धरून वळले. "म्हणजे मिआओ ताई बऱ्या झाल्या म्हणायच्या?"

"झाल्या! वसंतातच झाल्या!" सुयुन गरजली. "डोळे आहेत ना तुम्हाला? रोज दोन हातांत दोन कोंबड्या लोंबकळत्या घेऊन बाजारातून येते ती, मांजरावर ओरडते ते मला सहाव्या मजल्यावर ऐकू येतं, काल कोळशेवाल्याशी भांडून त्याला रडवलं तिनं, आणि तुम्ही शहाणे लोक माणूस बघायचं सोडून मडकी बघत बसलाय! नवमीला तिला बोलवा आणि मला विचारू नका!"

फेइ मास्तरांनी हातातली सोंगटी सवयीनं टेबलावर दोनदा वाजवली, गाणं संपल्यावर ढोल वाजवतात तशी.

"सुयुन," ते म्हणाले, "हे सगळं तू एका दमात म्हणालीस. गुरुवारी कुठं होता हा दम?"

उत्तर द्यायला तो उरला नव्हता. ती जिना चढायला लागली, आणि चौथ्या मजल्यावर रांजणावर टेकली. मांडीवर मडकं होतं. खालून वर जाणारी एक शेजारीण म्हणाली, "तान ताई, बोरं खाल्लीत का?" सुयुननं तिच्याकडे असं पाहिलं की ती बाई उरलेले दोन मजले पळतच गेली.

मडक्यातला काढा मात्र काढ्यासारखा झाला. कडू, दाट, मागून ज्येष्ठमधाची गोडी. सुयुन तो डोळे मिटून प्यायली. चोथा लाओ दूनं रीतीप्रमाणे रस्त्यावर नेऊन टाकला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी आजार पांगावा म्हणून. मुळा बंद झाला. तो चोरून खायचा, पण दातांत मुळा कुरकुरतो हे त्याच्या लक्षात येत नसे.

नवमीला चहाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोलाच्या डाव्या हाताला मिआओ बसली, तिच्या मागे सुयुन. मिआओनं सूर उचलला, तो असा गेला की पहिल्या रांगेतले कप आपोआप खाली ठेवले गेले. चीड याची की तो चांगला होता. सुयुनला त्यात खोट काढायची होती, आणि खोट सापडायच्या आत तिचा स्वतःचा सूर इतर बायकांबरोबर धावून गेला. भरला, टिकला. मागे बसून गाणं म्हणजे काही विशेष नाही, असं ती स्वतःला म्हणाली. मग पुन्हा सूर आला आणि पुन्हा धावून गेली.

मध्ये मिआओनं मान न वळवता विचारलं, "दम कसा आहे?"

"तुझ्या पाठीमागं बसून कुणाला दम लागतो?"

"हं," मिआओ म्हणाली. तिची मान हसत होती.

परत येताना सुयुन भाजी घेऊन सहाव्या मजल्यापर्यंत एका दमात चढली. दार उघडल्यावर लाओ दूला हे कळलं, आणि तो फार काळजीपूर्वक म्हणाला, "मला एक सांग, हे काढ्यानं झालं, मुळा सोडल्यानं झालं, की ती खुर्ची..."

"कांदे चीर," सुयुन म्हणाली.

पुढे थंडी पडली आणि फेइ मास्तर खोकायला लागले. त्यांची बायको मडकं मागायला आली. सुयुननं लगेच काढून दिलं, दांड्यावरच्या लाल दोऱ्यासकट. "न्या," ती म्हणाली, "पण बरे झाले की मला कळायला हवं. त्याच दिवशी."

आणि कळण्याची वाटही तिनं पाहिली नाही. दोन दिवस गेले नाहीत तोच ती फेइ मास्तरांच्या दारात उभी. आत मास्तर गोधडीत गुंडाळून बसले होते, समोर मडकं वाफाळत होतं.

"झालात का बरे?"

"अगं, आत्ता तर पहिला घोट घेतोय! अजून खोकतोय मी!"

"मग आटपा लवकर," सुयुन म्हणाली, आणि दाराशीच स्टूल ओढून बसली.